एक टोल

नल्लतण्णीला बसमधून उतरले तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला.
डोंगर दिसत नव्हता.
दिसत होती दिव्यांची एक ओळ,
काळोखाला खालून वर घातलेला धावदोरा,
मध्येच उसवलेला.
बत्तीस वर्षं फॉल-पिको करतेय,
मला दुसरं काय दिसणार?

"कोडू?" पांढऱ्या साडीतल्या म्हातारीनं विचारलं.
मला ऐकू आलं, कोडं.
पहिल्यांदा चढणाऱ्याला इथं कोडू म्हणतात,
तिच्या नातवानं एक बोट वर करून समजावलं.
ती रणमेणिका.
तिची बोटं दहा, पुन्हा दहा, मग तीन,
गुडघ्याला बाम चोळता चोळता मोजलेली.

उतरणारे भेटत, म्हणत, "करुणावई."
आपणही म्हणायचं, "करुणावई."
धाप लागली की माझं अर्धंच निघे, "करुणा..."
उरलेलं तेच पुरं करून खाली जात.

इंदिकटुपानला सगळ्यांनी सुई-दोरा काढला.
बुद्धानं म्हणे इथं बसून
फाटलेलं चीवर शिवलं होतं.
मी विचारलं, टाका कुठला? हेम की रफू?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
पण बरं वाटलं.
ज्याचं कापड फाटतं
त्याच्या दारात मला संकोच नाही.

कठड्याला धाग्यांचं जाळं,
सगळा एकेरी पिळाचा माल, ओढला की तुटणारा.
मी माझं दुकानातलं रीळ काढलं,
टोक बांधलं आणि सोडत निघाले.
चौथ्या वळणावर रीळ संपलं.
पायऱ्या संपल्या नव्हत्या.

महागिरिदंबाच्या उभ्या चढावर
मुनियांडी पायरीला पाठ टेकून बसलेला,
शेजारी गॅसची टाकी, वरच्या चहावाल्याची.
बायको मळ्यात पानं खुडते.
त्याचं हिंदी सगळं सिनेमातलं.
"कितव्यांदा?" मी विचारलं.
"मोसमात रोज. पौर्णिमेला दोनदा."
वर एक घंटा आहे,
जितक्यांदा आलात तितके टोल द्यायचे.
"मग तुमचे किती होतात?"
तो हसला. "मी वाजवत बसलो तर मोसम संपेल, ताई.
आणि मजुरीचं चढणं धरतात की नाही,
ते कुणाला विचारू?"
टाकी खांद्यावर घेतली. दोन वळणांत दिसेनासा झाला.

वर पाऊल आहे. पावलावर दगड, दगडावर वस्त्र.
कुणी म्हणतं बुद्धाचं, कुणी शिवाचं, कुणी आदमचं.
मी वस्त्र पाहिलं.
डाव्या कोपऱ्यात जर सुटली होती.
हात शिवशिवले, पण रांग मागून ढकलत होती.

रणमेणिकेनं चोवीस दिले.
सोळाव्यानंतर दोरी नातवानं ओढली,
तिनं फक्त हात लावून ठेवला.
मग मी. एक.
एवढ्या चढणीचा एवढासाच आवाज.
दोरी सोडवेना. मुनियांडीचा एक द्यावा का?
तो तिकडे टाकीची नळी बसवत होता,
पाठ माझ्याकडे.
त्याचं त्यानं ठरवावं. सोडली.

सूर्य उगवला आणि लोक उलट्या बाजूला धावले.
डोंगर तसा ओबडधोबड, खांदे पडलेला,
पण धुक्यावर त्याची सावली
कात्रीनं कापलेल्या कळीसारखी, तीन कोन चोख.
त्यात आम्ही सगळे असणार,
रणमेणिका, नातू, घंटा, गॅसची टाकी.
कोण कुठे, ते बोटानं दाखवता येईना.
हळूहळू ती आटत गेली,
न भिजवता शिवलेल्या सुती परकरासारखी.

उतरताना पाय लटपटत होते.
एक जाडसा माणूस, कपाळावर घाम,
मला बघून म्हणाला, "करुणा..."
"वई," मी म्हटलं.

तिसऱ्या वळणावर माझा दोरा तुटलेला सापडला,
दुसऱ्या कुणाच्या तरी धाग्याला गुंतून.
तेवढ्यात शेजारून मुनियांडी गेला,
रिकामी टाकी, उड्या मारत.
"उद्या!" एवढंच ओरडला.